एक घड्याळ, अनेक गाड्या

पाचोरा जंक्शनवर मुंबई-भुसावळच्या मोठ्या लाइनशेजारीच जामनेरला जाणारी नॅरोगेज पीजे उभी असायची. तिचा मार्ग ५६ किलोमीटरचा. हा देखावा आपण स्क्रॅचमध्ये हलता करू. एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ साली खुला केलेला हा प्रोग्राम मोफत आहे. पडद्यावर मोठ्या लाइनवरची मेल, पीजे आणि सिग्नल अशी तीन चित्रं, म्हणजे स्प्राइट, ठेवायची. प्रत्येकाची वेळ वेगळी.

अडचण इथेच येते. स्क्रॅचमध्ये टायमर एकच असतो आणि तो सगळ्यांचा असतो. हिरवा झेंडा दाबला की तो शून्यापासून धावू लागतो. पीजेने सुटताना तो रीसेट केला, तर मेल आणि सिग्नलची मोजणीही त्याच क्षणी शून्यावर येते. ‘एक सेकंद थांब, आकडा एकने वाढव’ असा फेरा प्रत्येक चित्राला देणं सोपं वाटतं. पण दर फेरीत थोडा उशीर होतो आणि तो साचत जातो.

स्टेशनवर काय करतात ते आठवा. गाडी सुटली म्हणून फलाटावरचं घड्याळ कोणी मागे फिरवत नाही, सुटल्याची वेळ लिहून ठेवतात. आपणही तेच करायचं. ‘सुरुवात’ नावाचं व्हेरिएबल करा आणि ते ‘फक्त या स्प्राइटसाठी’ ठेवा. या एका निवडीवर सगळं अवलंबून आहे. ‘सर्व स्प्राइटसाठी’ ठेवलंत तर पुन्हा एकाचं गणित दुसऱ्यात मिसळेल. पीजे सुटली तेव्हा टायमर १२ वर होता, तर सुरुवात १२. टायमर २० झाला की वजाबाकी करा: पीजेला निघून ८ सेकंद झाले. मेलची सुरुवात वेगळी, म्हणून तिचं उत्तरही वेगळं. टायमरला मात्र कोणीच हात लावलेला नाही.

आता टायमर २० वर असतानाच पीजे वाटेतल्या वरखेडीला थांबते. थांबताना झालेले ८ सेकंद ‘झालेले’ या दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. तेही याच स्प्राइटपुरतं. टायमर २५ ला असताना गाडी पुन्हा सुटली, तर नवी सुरुवात २५ उणे ८, म्हणजे १७. टायमर ३० झाला की उत्तर १३ येतं. थांबलेले ५ सेकंद आपोआप वगळले गेले.

आणखी गाड्या हव्या असतील तर स्प्राइटचा क्लोन, म्हणजे प्रत, करा. प्रत्येक क्लोनला ही व्हेरिएबलं स्वतंत्र मिळतात. वरखेडीपर्यंतचं इथे झालं. पुढचे शेंदुर्णी आणि पहूरचे थांबे तुम्ही जोडा.