‘लास्ट किती?’ : जुन्या वस्तूंच्या सौद्याची पंधरा-वीस वर्षं

जुनी वस्तू घराबाहेर काढायच्या मराठी मध्यमवर्गाच्या वाटा वर्षानुवर्षं ठरलेल्या होत्या. कपडे बोहारणीला, वर्तमानपत्रं रद्दीवाल्याला, पत्रा-लोखंड भंगारवाल्याला. पलंग किंवा कपाट बऱ्या अवस्थेत असेल तर नात्यात, नाहीतर घरकामाला येणाऱ्या मावशींकडे. मुंबईत मटण स्ट्रीटचा चोरबाजार होता, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार होता. पण तिथे वस्तू पोचायची ती दोन-चार हातांतून फिरून. बोहारणीशी एका स्टीलच्या डब्यावरून अर्धा तास हुज्जत चालायची आणि त्याचं कुणालाच काही वाटत नसे, कारण ती तिच्या धंद्याची रीतच होती. आपली साडी पुढे कोण नेसणार हे घरातल्या बाईला कळत नसे, आणि नेसणारीला ती कुणाची हे ठाऊक नसे. देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा संकोच मधला माणूस स्वतःच्या अंगावर घेत होता. ऑनलाइन बाजाराने हा मधला माणूस बाजूला केला. त्यानंतर दोन अनोळखी कुटुंबांना एकमेकांच्या तोंडावर ‘नाही’ म्हणायला आणि ऐकायला शिकावं लागलं. गेल्या पंधरा-वीस वर्षांचा हा प्रवास मला मुख्यतः त्या शिकण्याचा वाटतो.

अगदी सुरुवातीला अडसर तंत्राचा कमी आणि मनाचा जास्त होता. घरातली वस्तू विकायला काढणं म्हणजे घर अडचणीत आहे, ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली होती, आणि तिला कारणही होतं. १९८२ च्या गिरणी संपात गिरणगावातल्या कित्येक घरांनी भांडीकुंडी विकून दिवस काढले. ती आठवण असलेल्या पिढीला चालू स्थितीतला मिक्सर ‘विकायचा आहे’ असं चारचौघांत लिहिणं जड जाणारच. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींत स्कूटर, शिलाई मशीन, फार तर सोफासेट यायचा. जाहिरातीचे पैसे मोजावे लागत, तेव्हा तेवढ्या किमतीच्या वस्तूच तिथे पोचत. बाकीचं माळ्यावर चढायचं.

ओएलएक्स २००६ मध्ये सुरू झालं. किजीजी इंडिया या नावाने आलेली सेवा पुढे क्विकर झाली. जाहिरात फुकट असल्यामुळे दोनशे रुपयांचं टेबलही विकायला ठेवता येऊ लागलं. ‘बेच दे’ असं टीव्हीवरून सतत कानावर पडू लागलं, तसा विकण्याला चिकटलेला कमीपणा हळूहळू सुटला. मुंबई-पुण्यात नोकरीनिमित्त आलेल्या, दर दोन-तीन वर्षांनी घर बदलणाऱ्या तरुणांनी तो आधी टाकला. अमेरिकेत काही वर्षं काढून परतलेल्यांना तिथल्या गॅरेज सेलमुळे तो फारसा नव्हताच. आईवडिलांना मात्र वेळ लागला. ‘विकायचं कशाला, कुणाला तरी देऊन टाक’ हे वाक्य त्या काळात अनेक घरांत ऐकू आलं असेल.

पहिल्या टप्प्यातला सगळा व्यवहार फोनवर होता. जाहिरातीत नंबर उघडा असे आणि तो कोण कधी लावेल याला धरबंद नसे. रात्री अकराला फोन यायचे. बाईचा आवाज ऐकून भलतंच बोलणारेही भेटायचे, म्हणून जाहिरात बायकोने लिहायची आणि नंबर नवऱ्याचा द्यायचा असं अनेक घरांत ठरून गेलं. २०१५ च्या सुमाराला नंबर न देता चॅट करण्याची सोय आली आणि हा त्रास बराच कमी झाला. पण फोनवर निदान ‘नमस्कार, वॉशिंग मशीनबद्दल बोलायचं होतं’ एवढी सुरुवात व्हायची. चॅटवर थेट ‘लास्ट किती?’ येऊ लागलं. चार हजार लिहिलेल्या वस्तूला पंधराशे विचारायचे आणि उत्तर आलं की गप्प व्हायचं, हेही सुरू झालं. समोरच्याचा अपमान करावा असं बहुतेकांच्या मनात नसतं. नकार द्यायला शब्द सापडत नाहीत, म्हणून माणसं नुसती नाहीशी होतात. ‘विचार बदलला, क्षमस्व’ एवढं लिहायला काही लागत नाही, आणि तेवढ्यावर विकणाऱ्याची संध्याकाळ मोकळी होते. विकणाऱ्यानेही वस्तू गेली की जाहिरात उतरवावी. अजून आठ जण आशेवर आहेत हे लक्षात ठेवावं.

खरी कसोटी दारात लागते. जुनी वस्तू बघायला आलेला माणूस आपल्याकडे पाहुणा की गिऱ्हाईक, हे अजून नीट ठरलेलं नाही. दारात आलेल्याला पाणी विचारायची आपली रीत आहे. ‘बसा’ म्हटलं, चहा झाला, मुलांची चौकशी झाली, की भाव बोलणं दोघांनाही अवघड होतं. मग एक जण भिडेखातर पाचशे जास्त देतो किंवा दुसरा पाचशे कमी घेतो आणि नंतर दोघेही मनात कुढतात. त्यातच घेणारा आपल्यादेखत कपाटाचे खण ओढून बघतो, गादी दाबतो, ‘रंग उडालाय’ म्हणतो. वीस वर्षं वापरलेल्या कपाटाचा दोष काढला की तो घराचा काढल्यासारखा लागतो. उलट बाजूने, विरारहून ठाण्याला टेम्पो ठरवून आलेल्याला ‘आत्ताच दुसऱ्या एकाने जास्त सांगितले’ असं ऐकावं लागलं, तर त्याचं भाडं आणि सुट्टी दोन्ही वाया जातात.

या ओढाताणीतून एक संकेत आता बऱ्यापैकी रुळला आहे आणि तो जपायला हवा, असं मला मनापासून वाटतं. घेणारा घरी येण्याआधीच भाव ठरवायचा. दोष जाहिरातीत लिहायचे : डावं बिजागर सैल आहे, ड्रायर आवाज करतो, काचेला चीर आहे, आणि त्या चिरेचा जवळून काढलेला फोटो द्यायचा. प्रत्यक्ष पाहिल्यावर भाव उतरेल तो फक्त न सांगितलेल्या दोषासाठी. वस्तू पसंत पडली नाही तर घेणारा सरळ ‘नको’ म्हणून जाऊ शकतो, आणि विकणाऱ्याने त्यावर तोंड वाकडं करायचं नाही. पाणी जरूर द्यावं; त्याने सौदा बांधला जात नाही, एवढं दोघांनी समजून घ्यावं. ‘का विकताय?’ हा प्रश्न फ्रिजच्या बाबतीत रास्त आहे. पाळण्याच्या बाबतीत तो विचारू नये. त्या घरात काय घडलं असेल, हे आपल्याला माहीत नसतं.

२०१६ हे वर्ष या बाजाराला वळण देऊन गेलं. सप्टेंबरात जिओ आलं आणि स्वस्त डेटामुळे लहान गावांतली घरंही या बाजारात उतरली. ८ नोव्हेंबरच्या नोटाबंदीनंतर पाचशेच्या नोटेवर चालणारे सौदे काही आठवडे थंडावले. त्याच वर्षी सुरू झालेलं यूपीआय पुढे सगळ्यांच्या हाती आलं आणि त्याच्या मागोमाग फसवणूकही आली. ‘मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, वस्तू न बघताच घेतो’ असं सांगणारा माणूस क्यूआर कोड पाठवायचा, ‘पैसे मिळवायला’ तो स्कॅन करून पिन टाकायला लावायचा आणि विकणाऱ्याचंच खातं रिकामं व्हायचं. यूपीआयमध्ये पैसे घेताना पिन लागत नाही, ही एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे अनेकांनी, विशेषतः ज्येष्ठांनी, मोठी किंमत मोजली. तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आला. व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागण्याची ‘कलेक्ट’ विनंतीही १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. पण दरम्यान संशय बाजारात मुरला. खरोखर बदली झालेल्या जवानालाही आता आपण कोण हे पटवून द्यावं लागतं. संशय घ्यावाच लागतो, मात्र तो आरोपासारखा बोलून दाखवू नये. ‘वस्तू बघा, इथेच पैसे द्या, सगळ्यांना हेच सांगतो’ असं म्हटलं की कुणाचा अपमान होत नाही.

फेसबुकने २०१७ च्या नोव्हेंबरात मुंबईत मार्केटप्लेस आणलं, आणि सौद्याला नाव व चेहरा जोडला गेला. खोट्या माणसाला ओळखायला त्याची मदत झाली. पण आडनाव बघून उत्तर द्यायचं की नाही हे ठरवण्याची वाटही त्याने मोकळी केली. पैसे तेच आणि कपाट तेच असताना असा नकार देणं ही निव्वळ असभ्यता आहे, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

२०२० च्या टाळेबंदीत बाहेरच्या माणसाला गेट बंद झालं आणि हा बाजार सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. शाळा घरात आल्यावर अभ्यासाची टेबलं एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर गेली. इथे भीती नव्हती, पण भीड दुप्पट होती. शेजाऱ्याला किंमत सांगायची कशी? त्याने घेतलेला फ्रिज महिन्याभरात बंद पडला तर लिफ्टमध्ये तोंड कसं दाखवायचं? अनोळखी माणसाला सहज दिलेला नकार ओळखीच्याला देता येत नाही, हे त्या काळात पुष्कळांना जाणवलं. आकडा ग्रुपवरच लिहिणं आणि ‘आज चालू आहे, पुढची हमी नाही’ हे वाक्य आधीच जोडणं, यावर बऱ्याच सोसायट्या आपोआप येऊन ठेपल्या.

ओएलएक्सचा भारतातला व्यवसाय २०२३ मध्ये गाड्यांच्या बाजारातल्या कारट्रेडने घेतला. मोठा पैसा गाड्यांमध्ये आहे. आपल्या पलंग-टेबलांच्या सौद्यांत रीतभात कुणी कंपनी घालून देईल अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. ती आपल्यालाच घालावी लागेल. आणि त्यात एक बाजू फार दुर्लक्षित राहिली आहे. पूर्वी ज्या मावशींकडे कपाट जायचं, त्यांच्याकडे आता विकलं न गेलेलं आणि मोडकं तेवढं जातं. काम टिकवायचं असल्यामुळे त्यांना ‘हे नको’ म्हणता येत नाही. भंगारात टाकायला टेम्पोचे पैसे मात्र त्यांनाच पडतात. या सगळ्या वर्षांत आपण अनोळखी माणसाचा नकार पचवायला शिकलो. आता चांगली वस्तू जाहिरातीत टाकण्याआधी, परवडेल असा भाव सांगून मावशींना विचारावं, आणि ‘नको’ म्हटलं तरी काही बिघडत नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट सांगावं.