माळ्यावरचे मावळे, माळ्यावरच्या बाहुल्या

दिवाळीची साफसफाई काढली की माळ्यावरचा एखादा डबा हमखास हाती लागतो. आत प्लास्टिकचे सैनिक, शेपूट तुटलेला वाघ, कुणीतरी पेनाने मिशा काढलेली बाहुली. मुलं शिकायला बाहेरगावी गेलेली, पण डबा भंगारवाल्याला द्यायला मन होत नाही. मैत्रिणींनो, देऊही नका. ही जुनी चित्रं धुऊन, रंगवून पुन्हा किल्ल्यावर मांडता येतात. फक्त ब्रश हातात घेण्याआधी एक बघायचं, हे प्लास्टिक कुठल्या जातीचं?

सोपी परीक्षा आहे. भरीव सैनिक पाण्याच्या बादलीत सोडा. तरंगला तर पॉलिथिनच्या जातीचा. बुडाला आणि कडक असला तर बहुधा पॉलिस्टायरीन, मऊ असला तर पीव्हीसी. (पोकळ बाहुली तरंगणारच, तिला ही परीक्षा लावू नका!)

पॉलिथिनवर रंग नीट बसत नाही. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने १९५९ पासून असेच बोटभर सैनिक काढले, आणि रंगवणाऱ्यांची डोकेदुखी तिथेही हीच, रंगाचे पोपडे निघतात. म्हणून आधी भांड्यांच्या साबणाने खसखसून धुवा, तेलकटपणा राहू देऊ नका. गाडीच्या रंगाच्या दुकानात प्लास्टिकचा प्रायमर मिळतो, त्याचा एक पातळ हात. मग अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन-तीन पातळ हात, मध्ये पुरतं वाळू द्यायचं. तरी तलवार वाकवली की तिथे रंग तडकतोच, तेव्हा वाकलेली तलवार रंगवण्याआधीच सरळ करा. कडकडीत पाण्यात थोडा वेळ धरायची, सरळ करायची आणि लगेच गार पाण्यात.

बाहुलीचे ओठ नेलपॉलिशने रंगवायचा मोह आवरा. कडक प्लास्टिक त्याने विरघळतं, रिमूव्हरने तर चेहराच जातो. मऊ बाहुलीवर तेच नेलपॉलिश चिकट राहतं आणि धूळ धरतं.

मऊ बाहुल्या जुन्या झाल्या की त्यांचं अंगही चिकट होतं. ती घाण नसते बरं का! प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घातलेला तेलकट पदार्थ बाहेर येत असतो. कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा आणि सुती कापडात ठेवा. पिशवीत कोंडलं की पुन्हा तेच. पेनाच्या मिशांवरचा उपाय मात्र गंमतशीर आहे. मुरमांवर लावतात ते बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम. डागापुरतंच लावायचं, उन्हात ठेवायचं, काही दिवस हेच करत राहायचं. आजूबाजूचा रंगही फिकटतो, म्हणून रोज पाहत जा.

आजीच्या काळातली पातळ, हलकी बाहुली असेल तर जरा चोळून वास घ्या. कापरासारखा आला तर ती सेल्युलॉइडची. ती भसकन पेट घेते. किल्ल्यावर पणत्यांच्या शेजारी तिला चुकूनही ठेवू नका, गरम पाणीही नको.

आणि नातवंडांचं काय? इथे मी फार कडक आहे. जुन्या खेळण्यांच्या रंगात, कधी प्लास्टिकमध्येसुद्धा, शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारा नियम २०१६ मध्ये आला, खेळण्यांना आयएसआय चिन्ह २०२१ पासून सक्तीचं झालं. आपला डबा त्याच्या कितीतरी आधीचा! तेव्हा जुना रंग कोरडा घासून उडवू नका, स्वयंपाकघरात हे काम नको, हात धुतल्याशिवाय कणकेला लावू नका. तोंडात वस्तू घालणाऱ्या बाळाच्या हाती यातलं काहीही द्यायचं नाही, कितीही रडलं तरी. ही शोकेसची आणि किल्ल्याची मंडळी.

सगळंच नवंकोरं करायला हवं असंही नाही. लेकीने पापे घेऊन घेऊन झिजवलेलं नाक मी तरी तसंच ठेवीन. डोळे मात्र शेवटी काढा. टूथपिकच्या टोकावर रंगाचा थेंब घेऊन दोन्ही एकाच बैठकीत, नाहीतर मावळा तिरळा दिसतो.