वैश्विक किरणांचा हिशेब: दोन वेधशाळा, दोन आकडे

अर्जेंटिनातल्या मालार्ग्वेजवळची पिएर ओजे वेधशाळा आणि अमेरिकेच्या युटा राज्यातली टेलिस्कोप अॅरे. दोन्ही ठिकाणी विश्वातले सर्वाधिक ऊर्जेचे कण, म्हणजेच वैश्विक किरण, मोजतात आणि आकडे जुळत नाहीत. मग कुणीतरी एक चुकतंय, असं म्हटलं जातं. ते खरं नाही.

मुळात असा कण कुणाच्या हाती लागतो, हाच गैरसमज आहे. १ वर २० शून्यं इतक्या इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढचा कण एका चौरस किलोमीटरवर शतकातून एखादा येणंही मुश्कील. तोही वातावरणात वरच फुटतो. खाली येतो तो अब्जावधी कणांचा वर्षाव आणि त्यावरूनच मूळ ऊर्जा काढायची असते. ओजेच्या ३,००० चौरस किलोमीटर माळरानावर दर दीड किलोमीटरवर १२,००० लिटर शुद्ध पाण्याची टाकी आहे. युटात सुमारे ७०० चौरस किलोमीटरवर ५०७ सिंटिलेटर, म्हणजे प्लास्टिकचे पातळ थर. खोल पाण्यात म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद, ठसठशीत नोंद करतात. पातळ प्लास्टिकमध्ये इलेक्ट्रॉन आणि म्युऑन जवळजवळ सारखीच नोंद करतात.

संगणकावर वर्षाव रचून ऊर्जा नेमकी काढता येते, असंही अनेकांना वाटतं. पण युटात अशी काढलेली ऊर्जा १.२७ने भागावी लागते, तेव्हा कुठे ती दुर्बिणींच्या मोजमापाशी जुळते. या दुर्बिणी अंधाऱ्या, निरभ्र रात्री हवेतल्या नायट्रोजनची अंधूक अतिनील झळाळी टिपतात. माझ्या मते भरवशाची मोजपट्टी हीच. पण किती ऊर्जेला किती प्रकाश, यासाठी दोन्ही गट प्रयोगशाळेतले वेगवेगळे आकडे वापरतात. न्यूट्रिनो आणि म्युऑनांबरोबर निसटणाऱ्या ऊर्जेचा अंदाजही वेगळा. ऊर्जेतली अनिश्चितता ओजेकडे सुमारे १४ टक्के, युटात २१ टक्के. दोघांतली तफावत साधारण ९ टक्के, म्हणजे या मर्यादेच्या आतलीच.

मग एवढ्याशा फरकानं काय बिघडतं? पुष्कळ बिघडतं. ऊर्जा वाढते तशी कणांची संख्या झपाट्यानं घसरते. त्यामुळे मोजपट्टी १० टक्क्यांनी वर सरकली, की ठरावीक ऊर्जेच्या वरच्या कणांची संख्या वीसेक टक्क्यांनी फुगते. अगदी टोकाला, जिथे घसरण आणखी तीव्र आहे, तिथे चाळीसहून अधिक.

दोन्हीकडच्या ऊर्जा साडेचार-साडेचार टक्क्यांनी एकमेकींकडे सरकवल्या, की कणसंख्येचे आलेख बऱ्याच पल्ल्यापर्यंत एकमेकांवर बसतात. सर्वांत वरच्या टोकाला मात्र युटाचे कण जास्तच राहतात. दोघांचं आकाश वेगळं, हे उत्तर अपुरं आहे. दोन्हीकडून दिसणाऱ्या आकाशाच्या सामाईक पट्ट्यात फरक कमी होतो, पण पुरता मिटत नाही. उत्तर आकाशातून खरोखर जास्त कण येत असतील, तर त्यांच्या उगमाचा तो मोठा धागा ठरेल. पण तो दावा करण्याआधी मोजपट्टी तपासायलाच हवी. म्हणून ओजेच्या धर्तीच्या काही टाक्या आता युटातच, तिथल्या सिंटिलेटरांच्या सोबतीला बसवल्या आहेत. एकच वर्षाव दोन्हींवर कोसळेल आणि नोंदी थेट शेजारी ठेवून पाहता येतील.