खिडकीबाहेरची झाडं

१९७०च्या दशकात पित्ताशय काढायचं तर पोटावर मोठा छेद घ्यावा लागे. दुर्बिणीतून ते काढायची सोय अजून आलेली नव्हती. पेशंट आठवडाभर खाटेवर पडून. टाके दुखताहेत, कूस बदलता येत नाही, आणि बघायला समोर एक खिडकी. त्या खिडकीतून काय दिसतं, याचा जखम भरून येण्याशी काही संबंध असेल का?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात याचं उत्तर शोधायची आयती संधी होती. काही खोल्यांच्या खिडक्यांतून पानझडी झाडांचा छोटासा पुंजका दिसे, तर काहींतून विटांची तपकिरी भिंत. बाकी खोल्या जवळपास सारख्याच. पेशंटला खोली निवडता येत नसे. जी रिकामी होईल ती मिळे.

संशोधक रॉजर उलरिक यांनी इथले १९७२ ते १९८१ या काळातले जुने केसपेपर काढले. घेतले ते फक्त मे ते ऑक्टोबरमधले, कारण एरवी त्या झाडांवर पानंच नसत! मग वय, लिंग, धूम्रपानाची सवय, वजन अशा बाबी जुळवून त्यांनी २३ जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीत एक झाडं बघणारा, एक भिंत बघणारा.

झाडं बघणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत बघणारे ८.७० दिवसांत. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत भिंतवाल्यांना वेदनाशामकांचे तीव्र डोस जास्त लागले; झाडंवाल्यांचं बऱ्याचदा साध्या गोळ्यांवर भागलं. मला सगळ्यात बोलक्या वाटतात त्या नर्सनी लिहिलेल्या नोंदी. पेशंट अस्वस्थ आहे, रडतो आहे, फार धीर द्यावा लागतो, अशा तक्रारवजा नोंदी भिंतवाल्यांच्या कागदांवर सरासरी ३.९६ आणि झाडंवाल्यांच्या कागदांवर १.१३. आपण लिहितोय त्यावर पुढे कुणी संशोधन करणार आहे, हे त्या नर्सना ठाऊकच नव्हतं. पेशंटलाही नाही. १९८४ साली हा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला.

पेशंट ४६च, हे खरं. शिवाय ती भिंत अगदीच कंटाळवाणी होती. एखादा गजबजलेला रस्ता दिसला असता तर फरक कमी पडला असता का, ही शंका उलरिक यांनी स्वतःच नोंदवून ठेवली आहे.

या शंकेवर पुढे बर्लिनमधल्या एका प्रयोगाने थोडा उजेड टाकला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६३ धडधाकट माणसं होती. काहींना तासभर ग्रूनेवाल्डच्या जंगलात चालायला पाठवलं, काहींना दुकानांनी भरलेल्या गजबजत्या रस्त्यावर. चालण्याआधी आणि नंतर मेंदूचा एमआरआय काढला. भीती आणि ताण यांची चाहूल लागताच जागा होणारा अमिग्डाला नावाचा भाग जंगलातून आलेल्यांमध्ये शांतावला होता. रस्त्यावरून आलेल्यांमध्ये तो होता तसाच राहिला.

असं का होत असावं? मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी दिलेलं उत्तर मला पटतं. हिशेब तपासताना, गर्दीतून गाडी काढताना आपण लक्ष ओढूनताणून एका जागी धरतो, आणि ते धरून धरून मन थकतं. पिंपळाकडे बघा. वारा पडलेला असतानाही त्याचं एखादं पान लांब देठावर लवलवत असतं. नजर त्यावर आपोआप जाते, रेंगाळते, फांदीवरच्या मुंगीकडे वळते. त्यासाठी कसलाही जोर लावावा लागत नाही, आणि तेवढ्या वेळात थकलेलं लक्ष विसावतं. नैराश्यासारख्या आजारात मात्र झाडं औषधाची जागा घेत नाहीत. तिथे डॉक्टर हवेतच.

पेनसिल्व्हेनियातल्या त्या रुग्णालयासमोर काही अभयारण्य नव्हतं, चार झाडं होती. तेवढी तर आपल्या दवाखान्यांसमोरही असतात, आणि पार्किंगसाठी तीच आधी जातात. महाराष्ट्रातल्या शहरांत झाड तोडायला १९७५च्या कायद्यानुसार परवानगी लागते. झाडावर नोटीस लावून हरकती मागवल्या जातात. तुमच्या भागातल्या दवाखान्याबाहेर अशी नोटीस दिसली, तर मुदतीत लेखी हरकत द्या, आणि कारण म्हणून आतल्या पेशंटचा उल्लेख जरूर करा.