बोलभर साखरपाणी आणि एक मोहोळ

तर झालं असं, की मार्चमध्ये मला मधमाश्या वाचवायचा झटका आला. ऑफिसच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला होता. थकलेल्या मधमाशीसाठी घराबाहेर चमचाभर साखरपाणी ठेवा. खाली नाव डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचं! (हा मेसेज २०१८ मध्ये जगभर फिरला होता आणि तो त्यांचा नव्हताच, हे मला नंतर कळलं.) पण चमच्यावर थांबेन ती मी कसली? पुण्यातल्या आमच्या आठव्या मजल्यावरच्या बाल्कनीत मी चक्क सूपचा बोल भरून ठेवला.

चार दिवसांत बाल्कनीचं रसवंतीगृह झालं. आधी मुंग्या, मग गांधीलमाश्या, मग आग्या. रोज सकाळी बोलमध्ये पाच-सात माश्या बुडून मेलेल्या. पाचव्या दिवशी शेजारच्या वहिनींच्या चार वर्षांच्या लेकाला माशी चावली. हात टम्म सुजला बिचाऱ्याचा. संध्याकाळी सोसायटीचा निकाल लागला: पाण्याच्या टाकीखालचं आग्यामोहोळ रविवारी पेस्ट कंट्रोलवाल्याकडून साफ करायचं. ते मोहोळ कित्येक महिने तिथेच होतं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गुन्हा माझ्या बोलचा आणि फाशी त्यांना!

टेन्शनमध्ये मी एका मित्राच्या काकांना फोन लावला. त्यांच्याकडे महाबळेश्वरला सातेरी माश्यांच्या पेट्या आहेत. माझी कथा ऐकून काका आधी पोटभर हसले.

“अगं, आम्ही पाक देतो, पण कधी? पावसाळ्यात. माशीला बाहेर पडता येत नाही, फुलंही नसतात, तेव्हा. तोही पेटीच्या आत, तिन्हीसांजेला. उघड्यावर ठेवला की लुटालूट होते. एका पेटीच्या माश्या दुसरीवर तुटून पडतात.”

मी विचारलं, मग साखरेऐवजी गूळ, मध? काका गंभीर झाले. गुळानं माश्यांचं पोट बिघडतं. आणि दुसरीकडचा मध म्हणजे अळ्यांच्या रोगाला आमंत्रणच. शिवाय साखर ही नुसती ऊर्जा. अळ्या वाढायला प्रथिनं लागतात, ती परागातून मिळतात. पराग कमी पडला तर काही मधपाळ सोयाबीनच्या पिठाचं पूरक खाद्य देतात, पण तेही पेटीतच.

“साखर म्हणजे नुसता चहा,” काका म्हणाले. “चहावर पोरं वाढतात का?”

बोल त्याच रात्री धुऊन टाकला. शनिवारी सेक्रेटरीकाकांसमोर कबुली दिली. वहिनींची माफी मागितली. (त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, हेही खरं.) आग्या माश्या कायमच्या मुक्कामी नसतात, फुलोरा सरला की पोळं सोडून निघून जातात, हे सगळ्यांना सांगितलं. गणेशखिंड रोडवर १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे, जाळण्याआधी निदान तिथे विचारू या, असंही सुचवलं. बरीच घासाघीस झाल्यावर पावसाळ्यापर्यंत मुदत मिळाली. अट एकच, टाकीकडचा जिना बंद.

मग माझी बाल्कनी बदलली. हायब्रीड झेंडू गेला. त्याच्या पाकळ्यांच्या गर्दीत माशीला आत शिरायला जागाच नसते. तुळशीच्या मंजिऱ्या खुडणं बंद केलं. कोथिंबीर खायची विसरले, तर तिला पांढरी फुलं आली आणि त्यावर चिमुकल्या फुलोरी माश्या! सब्जा, कढीपत्ता, लिंबू यांच्यावरही त्यांची ये-जा असते. कीटकनाशकाचा स्प्रे मात्र पूर्ण बंद. पाण्यासाठी उथळ बशी, त्यात खडे, म्हणजे माशीला बसता येतं. बशीतलं पाणी रोज बदलायचं, नाहीतर डासांची पैदास! गुलाबाच्या पानांना कुणी कात्रीने कापल्यासारखे गोल दिसले, तर घाबरू नका. ती पानकातरी माशी. एकटी राहते, पानांचे तुकडे नेऊन घरटं बांधते. मी आधी आमच्या बाईंवर संशय घेतला होता, सॉरी मावशी!

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सेक्रेटरीकाकांचा फोन आला. “अहो, तुमची मंडळी गेली.” वर जाऊन पाहिलं, तर टाकीखाली नुसतं रिकामं मेणाचं पोळं लटकत होतं. वहिनी लेकाला कडेवर घेऊन मागे उभ्या होत्या. त्याने विचारलं, “परत कधी येणार?”


वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आता हिला विचार. आणि हो, तुझ्या त्या सब्जाचं थोडं बी दे गं मला.”