जमिनीचा उतार परत देताना
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बालाघाटच्या कुशीतलं कपिलधार मन्मथस्वामींच्या समाधीमुळं आणि धबधब्यामुळं सगळ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. पावसाळ्यात तिथं उभं राहिलं की एक गोष्ट ध्यानात येते. पाणी कुठून यावं आणि कुठं जावं, हे जमिनीच्या उतारानं ठरवलेलं असतं. तो उतार घडायला हजारो वर्षं लागली. यंत्रानं जमीन खणली, की तो काही महिन्यांत मोडतो. मग हवं ते काढून घेतल्यावर मागं उरलेल्या जमिनीचं काय करायचं? आजचा विषय हाच आहे.

आपल्या बीड जिल्ह्यात कोळसा नाही. दगड-मुरमाच्या खदानी मात्र आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. मोठ्या उघड्या खाणी पाहायच्या तर चंद्रपूर, वणी, नागपूरकडं जावं लागतं. तिथं वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कंपनी १९७५ पासून कोळसा काढते. कोळसा खाली, त्यावर खडक आणि सगळ्यांत वर शेतकऱ्याची काळी माती. कोळशापर्यंत पोचायचं तर वरचं सगळं उपसावं लागतं. त्या उपशाचेच डोंगर खाणीशेजारी उभे राहतात.

कुणी म्हणेल, निघालेलं सगळं परत खड्ड्यात लोटलं की झालं! पण फोडलेला खडक फुगतो. विहीर खणलेल्या माणसाला हे सांगायला नको. निघालेला मुरूम त्याच विहिरीत परत भरला तरी काही उरतोच. उलट कोळसा निघून गेल्यानं खाणीत पोकळीही राहते. म्हणून कुठं किती भरायचं, कुठं उंचवटा ठेवायचा, कुठं तळं राखायचं, हे खाण सुरू होण्याआधीच ठरवावं लागतं.

पहिलं काम वरच्या मातीचं. ती आधी अलगद काढून वेगळी ठेवायची. खडकाखाली गाडली गेली तर ती कायमची गेली. फार काळ ढीग करून ठेवली तरी तिच्यातला जीव कमी होतो.

दुसरं काम उताराचं. ट्रकनं ओतलेला माल खळ्यातल्या ज्वारीच्या राशीसारखा आपल्या मनानं उभा राहतो. हा उतार साधारण ३७ अंशांचा असतो. रास तशी उभी दिसते. पण पाऊस पडला की घसरते. म्हणून बुलडोझरनं माथा खाली ओढून उतार निजवावा लागतो. आपल्याकडं ढिगाचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नसावा, अशी अट परवानगी देताना सहसा घालतात. एकच लांब उतार न ठेवता मध्ये पायऱ्या पाडतात. पायरीचा कल आतल्या बाजूला देतात, म्हणजे पाणी काठावरून उडी न मारता चरातून सावकाश उतरतं. पायथ्याला दगडी भिंत आणि भोवती चर. त्या चराचं पाणी गाळ बसण्यासाठी आधी तळ्यात आणि मगच ओढ्यात सोडायचं.

शेवटी राखलेली माती वर पसरायची. यंत्रं फिरून जमीन दगडासारखी दबते, मुळं आत शिरत नाहीत. म्हणून ती आधी नांगरून मोकळी करायची. मग आधी गवत, मागून झाडं. गवत पहिल्याच पावसात माती धरून ठेवतं. झाडाला ते जमायला वर्षं लागतात.

हे सगळं केलं नाही तर काय होतं? वेल्समधल्या ॲबरफॅन गावावर २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी खाणीचा ढीग कोसळला. तो झऱ्यावर रचला होता. १४४ माणसं गेली. त्यांत ११६ मुलं होती, बहुतेक शाळेतली. झारखंडमध्ये लालमटियाच्या कोळसा खाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी असाच ढीग घसरला आणि २३ कामगार दगावले. गोव्यात डिचोली, सांगे भागात लोहखनिजाच्या ढिगांची लाल माती पावसानं भातशेतीत उतरली. तिथं कुणी एका दिवसात मेलं नाही. शेत मात्र हळूहळू मेलं.

कायदेही झाले आहेत. अमेरिकेनं १९७७ मध्येच जमिनीला जवळपास मूळचा आकार परत द्यावा, असा कायदा केला. आपल्याकडं कोळसा मंत्रालयानं २००९ मध्ये खाण बंद करण्याचे नियम आणले. खाण चालू असतानाच पैसे वेगळ्या खात्यात टाकायचे. उघड्या खाणीसाठी तेव्हाचा दर हेक्टरी ६ लाख रुपये होता. सर्वोच्च न्यायालयानं ८ जानेवारी २०२० रोजी सांगितलं, की खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत लावून ती चारा उगवण्याजोगी करून द्यावी.

मी कवी माणूस, इंजिनिअर नव्हे. पण १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या माणसांनी खडी फोडली तसे बांधही घातले. उतार तोडायचा, पाणी चालतं करायचं, माती अडवायची, हे त्यांना कुणा पुस्तकानं शिकवलं नव्हतं. खाणीच्या जमिनीलाही तीच बांधबंदिस्ती हवी असते, फक्त मोठ्या मापाची. म्हणून तुमच्या शिवारात खाण किंवा खदान येणार असेल, तर मोबदल्याच्या आकड्याबरोबर तीन गोष्टी विचारा. वरची माती कुठं ठेवणार? ढिगाचं पाणी कुणाच्या शेतात उतरणार? आणि काम संपल्यावर ही जमीन कुणाच्या ताब्यात, कोणत्या रूपात येणार? उत्तरं खणायला सुरुवात होण्याआधी कागदावर घ्या. नंतर विचारलं, तर उत्तर द्यायला तिथं कुणी उरलेलं नसतं.