रस्त्यांची संलग्नता व नागरी विस्तार

नगरातील रस्ते परस्परांना किती ठिकाणी मिळतात व एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी जाण्यास किती सरळ आणि पर्यायी मार्ग असतात, यांवरून रस्त्यांची संलग्नता ठरते. रस्त्यांच्या तुकड्यांच्या संख्येस चौक व बंद टोके यांच्या एकूण संख्येने भागल्यास तिचे एक साधे माप मिळते. काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांच्या विस्तीर्ण जाळ्यात हे गुणोत्तर २ च्या जवळ जाते. फांद्यांप्रमाणे पसरून बंद होणाऱ्या रस्त्यांत ते १ हून कमी असते.

जयपूर (१७२७) हे जाळीदार रचनेचे प्रसिद्ध उदाहरण होय. याउलट अमेरिकेतील रॅडबर्न (१९२९) येथे मोटारींची वर्दळ घरांपासून दूर ठेवण्यासाठी बंद टोकांचे रस्ते योजण्यात आले. मात्र पादचाऱ्यांसाठी उद्यानांतून स्वतंत्र वाटाही ठेवल्या होत्या. नंतरच्या अनेक उपनगरांनी बंद रस्ते स्वीकारले आणि वाटा वगळल्या.

महाराष्ट्रातील वाढत्या लहान शहरांत संलग्नता तुटते ती मुख्यत्वे जमिनीच्या विभागणीमुळे. शहराभोवतीची शेती एकेका गटाने अकृषिक होते आणि प्रत्येक मालक आपल्यापुरते रेखांकन करतो. अंतर्गत रस्ता शेताच्या बांधाशी थांबतो. पलीकडच्या गटातील रस्ता त्याच्यासमोर येईलच असे नसते. परिणामी पाठीला पाठ लागलेल्या दोन घरांतील रहिवाशांनाही हमरस्त्यावरून वळसा घ्यावा लागतो. सर्व वाहतूक त्या एकाच रस्त्यावर येते, मुलांचे शाळेत पायी जाणे धोक्याचे होते आणि अग्निशामक बंबास पर्यायी मार्ग उरत नाही. मध्ये पडीक जमीन सोडून वस्ती दूरवर विखुरली, की दर घरामागे लागणारी रस्त्याची, जलवाहिनीची व गटाराची लांबीही वाढते. गुंठेवारीत तर बहुधा घरे आधी व रस्ते नंतर, असा क्रम असतो. अशा वस्त्या नियमाधीन करण्यासाठी २००१ मध्ये स्वतंत्र अधिनियम झाला. परंतु बांधलेल्या घरांतून नवा रस्ता काढणे कायद्यानेही सोपे होत नाही.

यावरील उपाय जुनाच आहे. मुंबई नगररचना अधिनियम, १९१५ अन्वये आलेल्या नगररचना योजनेत अनेक मालकांच्या जमिनी एकत्र आखून, त्यांतून रस्ते व मोकळ्या जागा काढून प्रत्येकास पुनर्रचित भूखंड देण्यात येतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्येही ही तरतूद आहे. केवळ संलग्नतेने विखुरलेला विस्तार थांबत नाही. तथापि इमारती बदलत राहतात आणि रस्त्यांची आखणी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. म्हणून बांधापलीकडे जाणारा रस्ता पहिला भूखंड विकला जाण्यापूर्वीच निश्चित होणे आवश्यक ठरते.